बातिस्ताची बोट आणि आमची लाँच

— तिथं नगं मास्तर, तिथं गुळाचा चिकटा हाय, धोतराला लागंल. हिकडं झोपाळ्यावर बसा. बसा की. आमचं हे आत्ता येतील, उचगावला सुताराकडं गेल्यात — आज नातीचं बारसं, आणि पाळणा अजून सुताराच्या घरात, काय म्हणायचं आता ह्यास्नी. तवर मी बोलतो. मला आज गप बसवतच न्हाई. लेक शिवलीला सकाळीच म्हणली, "अव्वा, मामंजी येणार हायत, तू जरा कमी बोल." म्हटलं, व्हय. पण तीन वर्सांनी तुमचा पाय ह्या उंबऱ्याला लागला आणि मी गप बसू व्हय? बघितलीसा का पोरगी? माझ्या लेकीचं काय सुदिक घेतलं न्हाई तिनं, नाक तर पार तुमच्या त्र्यंबकाचं.

हितंच बसायचासा तुमी, आमच्या गुळाच्या दुकानातनं आत आल्यावर. आठवतंय न्हवं? शाळंत इतिहास शिकवून दमायचासा आणि हितं येऊन ह्यास्नी तो इटलीचा बोटवाला सांगायचासा — बातिस्ता. ह्यांच्या तोंडात ते नाव बसंना, मग त्याचं बसाप्पा केलं. तुमी गेल्यावर जेवताना मला सांगायचे, "आज बसाप्पानं आगबोट घेतली" — जसं काय शाहूपुरीतच घेतली. म्हणं जिनोव्हाच्या बंदरात बाप लिंबं विकायचा आणि पोरगं होडीतनं माणसं पल्याड सोडायचं. सगळी जहाजं शिडाची, आणि हा म्हणतोय धूर सोडणारी बोट घेणार — लोक हसली, चूल पाण्यावर चालली म्हणायची. तरी घेतली. आणि ती पैली बोट खडकावर आपटून बुडाली, त्या दिवशी आमचं हे जेवले न्हाईत. खरं सांगतो. मी म्हटलं, आवं, शंभर वर्सांमागं बुडली की ती. तर म्हणले, "पण मला आज कळलं न्हवं." आता ह्याला काय बोलायचं? मग त्यानं दुसरी घेतली, टपाल न्यायला लागला, बेटाबेटाला जायला लागला, आणि शेवटाला त्याच्या बोटी मुंबैपतोर आल्या — तवा ह्यांनी दुकानात पेढं वाटलं. हमाल इचारत्यात, मालक कशाचं पेढं? म्हणले, "बसाप्पा मुंबैला पोचला." हमालास्नी वाटलं, कोण पावणा असंल.

पण ह्यांचा जीव कशात अडकला म्हाईत हाय? ती राजाविरुद्ध उठलेली पोरं आली न्हवं त्याच्याकडं — आमाला पलीकडं जायाचं हाय, बोटी द्या म्हणून — त्यात. उघड दिल्या तर सरकार धंदा बुडवणार, न्हाई दिल्या तर मन खाणार. तर त्यानं काय केलं? बोटीत कोळसा भरून ठेवला, खलाशांस्नी जेवाय घातलं, आणि सोता दुपारचा झोपला. उठून बंदरात आला आणि बोंब ठोकली, माझ्या बोटी चोरल्या म्हणून. हे ऐकून आमचं हे दोन दिवस नुसतं हसत हिंडत होते. म्हातारपणी कंपनी हातची गेली त्याची, पण मयताला ती पोरं आली, पिकल्या मिशांची, आणि खांदा दिला. हे सांगताना ह्यांचं डोळं भरायचं, आणि मी म्हणायचो, भात गार व्हायलाय.

मग काय, ह्यास्नी बी बोट पायजे झाली, आणि लाँच आलीच की. रत्नागिरीस्नं ट्रकावर घालून, आंबा घाट चढून. मलकापुरात माझ्या रुद्रय्यादादानं तिला हळदकुंकू लावलं, नवरीगत. नाव ठेवायचं जिनोव्हा, तर पेंटर म्हणला असलं नाव नसतंय, आणि "जान्हवी" काढून मोकळा. उन्हाळ्यात पंचगंगंत पाणी किती? वाळूत रुतून बसायची, म्हशी वर चढायच्या. सगळं गाव हसायचं. पण पूर आला, रत्नागिरीचा रस्ता पाण्याखाली गेला, की तीच एकटी — आजारी माणूस न्या, दूध आणा, बाळंतीण सोडा. हे टोपी घालून उभं, तोंडावर असलं हसू की मला त्यांच्याकडं बघून लाज वाटायची.

आणि तीन वर्सांमागच्या पुरात ते झालं. आता झालं ते झालं. तुमच्या घरात तुमच्या आई, माई, सोवळ्यातल्या, आमचं भाऊबंद तसलं — ब्राह्मणाच्या पोराला लिंगायताची पोरगी कोण देणार हुतं? सकाळी नदीच्या घाटावर लाँच न्हाई, पोरगी न्हाई, त्र्यंबक न्हाई. रस्ता बुडालेला, मागं जाणार कोण? आमचं हे घाटावर बसून छाती बडवत्यात, "माझी बोट चोरली, माझी बोट चोरली" — पोरीचं नावच न्हाई. मी कोपर मारलं, तवा म्हणले, "आणि पोरगी बी." मला हसू आवरंना, पदर तोंडात कोंबला, बायकास्नी वाटलं रडायलीय. तुमी बी हुतासा की, खाली मान घालून. तुमच्याकडं मात्र बघवत नव्हतं मला, कारण भाकरी मीच बांधून दिलेल्या, आणि चटणी ऱ्हायली म्हणून हे मागनं पळत गेले, मांडीभर पाण्यात, चटणीची पुडी दिली आणि त्र्यंबकाला म्हणले, "शिकवलंय तसं हँडल दोनदा मार, पैल्या बारीला ती रुसती —"

— न्हाई. म्हंजे. मास्तर, च्या गार व्हाय लागला.

असं बघू नगासा. व्हय, दिली. दिली बोट. पोरगं तुमचं चोर न्हाई, कवाच नव्हतं. डिझेल ह्यांनीच भरलं, आणि कुणाला सांगू नगं म्हणून त्याला शपथ बी ह्यांनीच घातली. पुराच्या पल्याड मलकापुरात दादा लग्नाची तयारी करून बसलेला. — काय? काय म्हणलासा? लाज वाटायची? मित्राची बोट पोरानं चोरली, आता तोंड कसं दाखवू, म्हणून येत नव्हतासा? तीन वर्सं?

अगं बाई. आणि हे म्हणत्यात, लिंगायताची सून पदरात पडली म्हणून मास्तर तुटलं. तुमच्या गल्लीच्या तोंडापतोर जायाचे आणि माघारी यायचे. खोटं बोललोय, आता कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचे. म्हंजे तुमी तिकडं, हे हिकडं, आणि —

टांगा थांबला बघा. पाळणा आला. तेच हायत, चपला वाजत्यात.

मी न्हाई दार उघडत. उठा मास्तर, तुमी उघडा. मी आत हाय, पोरीकडं.