दुखत नव्हतं म्हणून

वसमतच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन एक म्हातारं जोडपं माझ्या शेजारी बाकावर बसलं.

"पोळ्यापासून लाल लघवी होऊन राहिली, अन् मला आज डॉक्टरसमोर कळतं?"

"हळू बोल द्वारके, लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या! दोन महिने काहून बोलले न्हाई?"

"दुखत नव्हतं. वाटलं, उष्णता झाली असंल."

"डॉक्टर काय म्हणले? दुखो न दुखो, लघवीत रक्त दिसलं की लगेच दाखवायचं."

"आता सोनोग्राफी करतोच की."

"डाग मला दिसू नये म्हणूनच सोता धोतर धुऊन राहिले ना?"

"तू घाबरली असती."

"अन् मी बावळट! साऱ्या गल्लीत सांगत फिरले, चाळीस वर्षांनी आमच्या मालकाला बायकोची कीव आली म्हणून."