लुत्सिनाबाईंची बँकेशी घासाघीस

…नाही, पण मला सांगा, ही काय प्रश्न विचारायची रीत झाली? ‘तुम्ही घासाघीस केली होती का?’ आणि हा प्रश्न कुणाला? तर लुब्लिनच्या बाजारात चाळीस वर्षं आंबवलेल्या काकड्यांची पिंपं घेऊन बसलेल्या लुत्सिनाबाईंना! अहो, ही बाई चर्चमध्ये मेणबत्ती घेतानाही भाव पाडते. नवरा गेला तेव्हा शवपेटीला दोन पितळी कड्या फुकट लावून घेतल्या होत्या तिने, मी स्वतः तिथे हजर होतो. एकतीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देतोय मी, तुम्हाला सांगतो, खुनी पाहिले, मंत्री पाहिले, पण ही… काय बाई आहे हो!

भानगड अशी. दोन हजार आठ साली आमच्या पोलंडमध्ये जो तो घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेत सुटला होता. पगार आमच्या झ्लोटी नाण्यात, घर लुब्लिनमध्ये आणि कर्ज डोंगरापलीकडच्या पैशात! का? तर हप्ता कमी बसतो म्हणून. फ्रँकचा भाव काय धरायचा? बँक स्वतःच्या तक्त्यात लिहील तो. म्हणजे वजन त्यांचं, तराजू त्यांचा, पिशवी तेवढी आपली. मग फ्रँक असा चढला, असा चढला, की सोळा वर्षं हप्ते भरूनही बाईंचं कर्ज घेतल्या दिवसापेक्षा जास्तच. पेन्शन पुरेना, तेव्हा करार रद्द करा म्हणून बाईंनी बँकेवर खटला भरला. खटला हरल्या तर तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर विकायचं आणि लेकीच्या स्वयंपाकघरात खाट टाकायची, इतकं सरळ होतं ते.

आता मात्र वारं फिरलंय. युरोपच्या न्यायालयाने सांगून टाकलं, असलं एकतर्फी कलम ग्राहकाला बांधत नाही, आणि आमच्याकडे करारामागून करार रद्द होतायत. बँकांचे वकील चाकांच्या बॅगा ओढत या दालनातून त्या दालनात पळतात, आणि मी म्हातारा माणूस, ते बघून मला अजून भरून येतं. पण एक मेख आहे. कायदा धावून येतो तो ज्याच्यापुढे छापील कागद टाकला त्याच्यासाठी. तुम्ही घासाघीस करून ते कलम स्वतः ठरवून घेतलं असेल, तर बसा बोंबलत. म्हणून न्यायाधीश विचारतात, वाटाघाटी केल्या होत्या का, माणूस म्हणतो नाही, संपलं. दहा सेकंदांचं काम.

पण आमच्या बाई सोळा वर्षं अख्ख्या बाजाराला सांगत आलेल्या, की बँकेला मी अशी वाकवली, तशी वाकवली! आणि हे छापलं कोणत्या शहाण्याने? मी. बाजारावरच्या लेखात, फोटोसकट. बँकेच्या वकिलाने तेच कात्रण प्लास्टिकच्या पाकिटातून काढून न्यायाधीशांपुढे ठेवलं, तेव्हा मी बाकाखाली जागा शोधत होतो.

बाईंची वकील, यागोदा हानुसेक म्हणून पोरगी आहे, ती तीन आठवडे त्यांच्याकडून घोकून घेत होती, फक्त ‘नाही’ म्हणा. बाईंचं एकच, पोरी, सगळा बाजार ऐकायला येणार, माझं नाक कापतेस का? आणि आला की हो बाजार! बटाटेवाली, अंडीवाली, समोरच्या गाळ्यावरची जन्माची वैरीण ओतिलिया कोबीवाली… गाळे बंद करून, डोक्याला रुमाल बांधून, पहिली दोन बाकं भरून बसल्या.

न्यायाधीशबाईंनी शपथेची आठवण करून दिली आणि तो प्रश्न विचारला. लुत्सिनाबाई उभ्या राहिल्या.

“केली,” म्हणाल्या. “अडीच तास केली.”

हानुसेकने डोळे मिटले. बँकेच्या वकिलाचा चेहरा असा खुलला, जसा काही त्याचा वाढदिवसच. मी मनात म्हटलं, गेलं घर. बाईने स्वतःच्या तोंडाने घालवलं. आणि तरीही, खोटं बोलली असती तर कुणाला कळणार होतं हो? काय बाई आहे!

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, मग अडीच तासांत मिळालं काय?

इथे बाईंनी ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलिया पुढे सरकून बसली.

“फ्रँकचा भाव आजचाच बांधून द्या म्हटलं. बँकेतला पोरगा म्हणाला, मावशी, कागद वॉर्सात छापलाय, स्वल्पविरामही हलणार नाही. व्याज कमी कर म्हटलं, नाही. मग मी उठले, दारापर्यंत गेले. आमच्या बाजारात असं गेलं की मागून हाक मारतात. त्याने मारली नाही. थोडा वेळ दारात उभी राहिले. मग माझी मीच परत आले आणि सही केली.”

“आणि पेपरात बँकेला वाकवली म्हणून सांगितलंत ते?”

“खोटं. भिंतीवरचं कॅलेंडर मिळालं. तेही मागितल्यावर.”

तुम्हाला सांगतो, खुनाची कबुली देताना माणसं पाहिलीत मी, रडतात, पाणी मागतात. ही बाई सरळ उभी. आयुष्यभराचा तोरा स्वतःच्या हाताने उतरवून टेबलावर ठेवला आणि पदर सावरावा तसा रुमाल सावरला. बँकेचा वकील पहिल्यांदाच खाली बघत होता. काय बाई आहे हो!

त्याच दिवशी निकाल लागला, करार मुळापासून रद्द. बँक अपिलात जाणार, जातेच ती, पण हानुसेक म्हणाली, आता झोपा शांत, घर कुठे जात नाही. बाहेर व्हरांड्यात ओतिलिया कोबीवाली आली. मला वाटलं, आता टोमणा. ती हळूच म्हणाली, “मलाही नव्हती गं मारली हाक.” आणि वकिलीणबाईंचा फोन नंबर मागितला.

मी वही काढली. एकतीस वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी, पहिल्या पानाची! बाई म्हणाल्या, नाव नको. बरं. फोटो नको. बरं. बाजाराचा उल्लेख नको, काकड्या नकोत, दाराची गोष्ट तर मुळीच नको. अर्धा तास मी घासाघीस केली, मंत्र्यांना तोंड वर करू न देणारा मी! शेवटी पेपरात काय आलं? ‘लुब्लिनमध्ये आणखी एक कर्जकरार रद्द.’ बस्स. पार गयावया केली, म्हटलं, लुत्सिनाबाई, एवढी गोष्ट, निदान चार माणसांत तोंडी तरी सांगू द्या.

“सांग की,” म्हणाल्या. “तुझं ऐकतंय कोण?”