बारावं पोतं

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, चवखोलीतली सगळी मंडळी, आपापल्या बागेतलं काम टाकून आलेले माझे शेतकरी बंधुभगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलोय ते आपले घोटकाका, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षबाई घड्याळाकडे बघताहेत, तेही दिसतंय मला. काळजी नसावी. मी कॉफीवाली बाई. उकळी आली की उतरवते.

घोटकाका हे नाव कुणी ठेवलं, ठाऊक आहे? आमच्या सासूबाईंनी. त्या बघा, पहिल्या रांगेत. काका पहिल्यांदा आमच्या अडीच एकरांवर आले, तेव्हा सासूबाईंनी ठेवणीतल्या कपात कॉफी दिली. काकांनी चमचाभर घेतली, सुर्रकन ओढली, तोंडात घोळवली आणि अंगणात थुंकली! चव पारखणाऱ्याची ती रीतच, पण आम्हाला काय माहीत? सासूबाई म्हणाल्या, "आलाय मोठा घोट घेणारा! तोही पोटात जाऊ देत नाही." दोन दिवस घरात तोच विषय. मग काकांची चिठ्ठी आली. 'आधी मध, मग संत्र्याची साल, शेवटी भाजलेला बदाम. ही कॉफी कशात मिसळू नका.' सासूबाईंनी ती चिठ्ठी दागिन्यांच्या डब्यात ठेवली.

मिसळू नका म्हणाले. आणि मी काय केलं? आता उभी राहिलेच आहे, तर बोलून टाकते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नियम असा, की एका शेताची बारा पोती भरली तरच पाकिटावर त्या शेताचं नाव. एक जरी कमी पडलं, तर सगळा माल मोठ्या ढिगात. आमची भरली अकरा. आमचे हे म्हणाले, "यंदा नाव लागलं नाही तर झाडं काढून टाकू. आईचे गुडघे गेले, माझी कंबर गेली, किती ओढायचं?" ती झाडं सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी लावलेली. मला राहवेना. भावाला सांगितलं, आणि माहेरच्या बागेतलं एक पोतं गुपचूप आमच्या अकरांत नेऊन उभं केलं.

चवखोलीत पोत्यामागे एक असे बारा कप मांडले. काका एकेक घोट घेत, थुंकत पुढे चालले. बाराव्यापाशी थांबले. पुन्हा घेतला. मग तिसऱ्यांदा. वाईट नव्हती हो ती कॉफी. माहेरची, वाईट कशी असेल? पण दाट होती, चॉकलेटच्या अंगाची. संत्र्याची साल औषधालासुद्धा नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. तिथं सगळ्यांदेखत खरं बोलले असते, तर आमचं शेत यादीतून कायमचं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "या पोत्यात ओल राहिलीये, ताई. परत न्या. शनिवारपर्यंत तुमच्या शेतातलं, नीट वाळलेलं आणा."

घरी येऊन मी ओलीचीच गोष्ट सांगितली. वर्षभर घरात प्यायला म्हणून ठेवलेल्या बियांचं पोतं सासूबाईंनी ओढत दारात आणलं. ते वर्ष आम्ही गरम पाण्यावर काढलं, पण पाकिटावर नाव आलं आणि झाडं राहिली. अध्यक्षबाई, आता एवढ्या वर्षांनी यादीतून काढू नका बरं का!

आई, ऐकताय ना? त्या पोत्यात ओल नव्हती. हुश्श! सुटले एकदाची.

काय म्हणालात? अहो, माइक द्या जरा त्यांना. नको म्हणताहेत. बरं, मीच सांगते. त्या म्हणताहेत, "पोत्याची शिवण माझी नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतेस, याचीच वाट बघत होते."

घ्या! म्हणजे नऊ वर्षं मी उगाचच झुरत होते. हसा, हसा. मलाही हसू येतंय, आणि डोळेही भरून येताहेत.

काका, तुम्ही त्या दिवशी माझी चूक झाकलीत, पण चवीच्या बाबतीत तसूभर सूट दिली नाहीत. आम्ही दोघी तुमच्या ऋणात आहोत. संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे मनापासून आभार. पाच मिनिटांची किती झाली ते विचारू नका. काही उणंअधिक बोलले असेन, तर घरची समजून पोटात घाला.

आणि काका, हा थर्मास सासूबाईंनी सकाळी स्वतः भरलाय. आमच्याच शेतातली आहे, शिवण तपासून आणलीये. आज थुंकायचं नाही. सगळा कप प्यायचा.

त्या बघताहेत.