घटाखालची माती

धनश्री : मोरीत कुठं शोधू? आजी, मी फ्रीजमधल्या मातीच्या नळीचं विचारतेय. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजच्या सरांकडे न्यायचीय.

धुरपदाबाई : तीच व माय. धुऊन मोरीत उभी केली. माती घटाला घेतली.

धनश्री : घटाला?

धुरपदाबाई : दर साली तुझा दीपककाका गावाच्या शेतातली माती आणतो. यंदा आला नाही. इथं कोसाडात बिल्डिंगखाली कुत्र्यांनी घाण केलेली. तूच म्हणालीस ना, ही हिमालयातल्या तळ्याच्या तळाची आहे, हजारो वर्षं कुणाचा पाय लागला नाही. म्हटलं, देवीला याहून चांगली कोणती मिळायची?

धनश्री : मला विचारायचं तरी!

धुरपदाबाई : त्या दिवशी तू पलसाण्याला आत्याकडे. फोन लागेना. घट सकाळीच बसवावा लागतो. थोडी कमी पडली, तर तुळशीतली मिसळली.

धनश्री : मिसळली पण!

धुरपदाबाई : परत भरून देते नळीत. घट नवमीपर्यंत हलवत नाहीत, पण देवीची माफी मागेन.

धनश्री : भरून काय उपयोग? ते थर होते आजी. खालचा जुना, वरचा नवा. डोंगरावर बर्फ वाढला की तो खडक दळतो, त्या पिठाचा थर करडा. बर्फ मागे हटला, तळ्याकाठी झाडोरा आला, की थर काळा. मध्ये एक पांढरी रेघ होती. लांब कुठं ज्वालामुखी फुटला, त्याची राख. कधी काय झालं ते थरांवरूनच कळतं. हे काम नीट झालं असतं तर सर पुढच्या वेळी मला परत तळ्यावर नेणार होते.

धुरपदाबाई : रेघ दिसली होती मला. वाटलं, बुरशी आली. तेवढी खरडून टाकली.

(धनश्रीचा फोन वाजतो.)

धनश्री : हो सर... नाही सर, एक गडबड झाली. घरी कामवालीनं नळी रिकामी केली. कचरा समजून फेकली... अडाणी बाई सर, काय बोलणार तिला... हो. सॉरी सर.

धुरपदाबाई : चहा ठेवू?

धनश्री : आजी, ते आपलं पटकन तोंडात आलं...

धुरपदाबाई : खोटं कुठं आहे? तुझा बाप लहान होता तेव्हा पर्वत पाटिया भागात शेठाकडे भांडीच घासायची मी.

धनश्री : असं नको ना बोलू.

धुरपदाबाई : त्याचं नाही काही. पण फेकली काबरं म्हणालीस? शेठाच्या घरातला कागदाचा कपटा मी न विचारता फेकला नाही. तुझी माती तर अंघोळ करून, दोन्ही हातांनी कालवली.

धनश्री : मला लाज वाटली. तिथं सगळ्यांना सांगितलंय, पप्पांचा साड्यांचा धंदा आहे.

धुरपदाबाई : दुसऱ्याच्या दुकानात का होईना, घड्या तर साड्यांच्याच घालतो.

धनश्री : हसू नको आजी.

धुरपदाबाई : हसत नाही. लाज मलाही वाटते. नात एवढी शिकली, आणि मी तिची राख खरडली.

धनश्री : थांब. फोन लावते... हॅलो सर. मघाशी खोटं बोलले. कामवाली नव्हती. माझी आजी. फेकली नाही, घटाखाली घातली. गहू पेरलेत त्यात... नाही सर, थर काही उरले नाहीत. नळी घरी आणली ही चूक माझी... हो सर... हो.

धुरपदाबाई : काय म्हणाले?

धनश्री : ठेवला फोन.

धुरपदाबाई : नेतील ना तुला तळ्यावर?

धनश्री : माहीत नाही.

धुरपदाबाई : आज तिसरी माळ. एव्हाना कोंब दिसतात. सकाळपासून चारदा पाहिलं, काही नाही.

धनश्री : खडकाचं पीठ आहे ते. कदाचित उगवणारही नाही.

धुरपदाबाई : आरतीला बाया येतील. विचारतील, कुठली माती घातली म्हणून. काय सांगू?

धनश्री : सांग, माझ्या नातीची.