साबुदाणा भिजवलाय

दवाखान्यातल्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या शरयूशेजारी एक जाडजूड कारकून आणि त्यांची बायको बसली होती. बसली म्हणजे बायकोच.

"बसा हो खाली, किती येरझाऱ्या!"

"वजन उतरलं नाही तर डॉक्टर बदलीसाठी तब्येतीचा दाखला देणार नाहीत. नवं राज्य झालं, अख्खी कचेरी भोपाळला चालली, मी इथं एकटा काय करू?"

"महिनाभर रोज रात्री उपवासाचंच करतेय की."

"साबुदाण्याची खिचडी, वर तूप, वर दाण्याचा लाडू!"

"हलकं खा म्हणाले. उपवासाहून हलकं काय असतं?"

"आजपासून मुगाचं कढण कर. स्वस्त अन् झटपट."

"बरं. सोमवारी कढण, मंगळवारी दुधी, बुधवारी भाकरी अन् पालेभाजी. पण तिकडे करून कोण घालणार?"

"तू नाही का येणार?"

"इथं मुरारला माझी आई अंथरुणाला खिळलीय. तिला कोण बघेल?"

"अगं, पण नोकरी..."

"महिपतराव, अंदर आइए!" कंपाउंडरनं हाक मारली.

दार लागलं. आत वजनाचा काटा खडखडला. बाई दाराकडे बघत राहिल्या, मग शरयूकडे वळल्या.

"आजचा साबुदाणा सकाळीच भिजवलाय हो. टाकून कसा द्यायचा?"