सज्ज्याच्या सळया

पाया, चार भिंती, अकरा पायऱ्यांचा जिना, दोन दारे, तीन खिडक्या, सगळे वायरिंग आणि वरच्या मजल्याचा सज्जा, एवढे मी माझ्या हाताने केले. करणारा मी, विश्वासराव नरसिंहराव घाटगे, वय ५३, शिक्षण सातवी, धंदा मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारी परत बांधणे, दुकान बंगळुरूत बनशंकरी, राहणार होसकोटे. हेडकॉन्स्टेबल बेळगावकडचे असल्याने मी सांगतो तसे मराठीत लिहून घेत आहेत.

आज २२ जानेवारी २०२६ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, १९ तारखेच्या जबाबात मी म्हटले होते, गवंडी संताजी मोरे याने मालात सिमेंट कमी घातले म्हणून सज्जा पडला. ते खोटे आहे. त्या जबाबामुळे संताजीला रोज ठाण्यात बोलावतात आणि त्याचे काम बंद आहे.

सिमेंट मी स्वतः मोजून घातले. एक घमेले सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. संताजी फक्त कालवत होता.

चूक सळयांत आहे. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळी खाली असते, हे मी दुसऱ्यांची कामे पाहून शिकलो. सज्ज्यालाही तसेच केले. सज्जा भिंतीबाहेर साडेतीन फूट आधाराशिवाय असतो, त्याला सळी वरच्या अंगाला लागते. २ नोव्हेंबरला सकाळी नऊच्या सुमारास संताजी म्हणाला, "अण्णा, सळ्या स्वल्प वर उचला. सज्जा आहे हा."

मी म्हणालो, "तू माल कालव. तीस वर्षं मोटारी बांधतोय मी, मला शिकवतोस?"

"सरी अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. मोटार जळली तर परत बांधता येते."

दोन मजूर हसले. त्या दिवशी मी संताजीला चहा दिला नाही.

११ जानेवारीला मी सज्ज्यावर विटांचा कठडा बांधला. १५ ला आम्ही राहायला आलो. १७ ला भिंतीलगत केसाएवढी भेग दिसली. तिच्यावर पुट्टी मारली. हे मागच्या जबाबात नाही.

१९ ला सकाळी ७.४० वाजता माझी मुलगी शिल्पाश्री, वय २७, सरकारी इस्पितळात नर्स, रात्रपाळीहून आली. युनिफॉर्म धुऊन सज्ज्यावर वाळत घालायला गेली. ७.५५ ला सज्जा तिच्यासकट अंगणात पडला. मी दाराला बिजागरी बसवत होतो. मी विटा उचलल्या. किती, ते मोजले नाही.

तिचा उजवा हात मनगटात दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टर म्हणाले, बोटे वळतील, सुई धरता येईल का ते आज सांगता येत नाही. काल ती मला म्हणाली, "अप्पा, आधी संताजीमामांना यातून सोडवा."

बांधकाम इंजिनियरला दाखवले होते का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. नर्स, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक अशांना सरकारी निधीतून बँकेमार्फत चार टक्के व्याजाने घरकर्ज देण्याची योजना आहे. शिल्पाश्रीने रांगेत उभे राहून अर्ज केला आणि कर्ज मंजूर करून आणले. अट एकच, स्लॅब ओतण्याआधी योजनेचा इंजिनियर सळया तपासणार. त्याचा खर्चही योजनेतच होता. जागा माझ्या नावावर, म्हणून माझी सही लागत होती. ती म्हणाली, "अप्पा, सही करा. तो येऊन बघेल, एवढंच." मी म्हणालो, "माझ्या कामाला काल कॉलेजातून आलेला पोरगा पास-नापास करणार?" १४ ऑगस्टला मी 'कर्ज नको' असे लिहून दिले. कागद बँकेत नेऊन देण्याचे काम तिलाच सांगितले.

संताजीविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. 'गॅलरी' लिहिले होते तिथे 'सज्जा' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. सही करण्याआधी हेडकॉन्स्टेबलनी विचारले, "आणखी काही राहिलं का?" रक्कम राहिली होती. ती मी लिहायला सांगितली. माझ्या मुलीने आणलेले आणि मी नाकारलेले कर्ज रुपये अकरा लाख चाळीस हजार.