गादीवाल्याची शांतता

वहिनी : मला एवढंच सांगा भावजी, यांचा आवाज त्यात आहे की नाही?

भावजी : फाइल आहे ना वहिनी. ही बघा, उघडलीसुद्धा. ‘दादा फायनल, खरंच फायनल’.

वहिनी : नाव वाचलं मी. आवाज लावा.

भावजी : लावलाय. पट्ट्या सरकतायत बघा, निळ्या-निळ्या. फक्त ऐकू काही येत नाहीये.

वहिनी : घशाचं ऑपरेशन झाल्यापासून घरी तेच चाललंय. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. ते बघायला तुमच्या स्टुडिओत यायची गरज नव्हती.

भावजी : असं नका हो बोलू. म्हणून तर यांना बोलावलंय. यांनी लोकांच्या विहिरीत पडलेल्या डिस्क जिवंत केल्यात.

डिस्कवाला : नमस्कार ताई. विहिरीतली सोपी असते. पाणी काही पुसत नाही, पुसतात ती माणसं.

वहिनी : भावजींनी काय पुसलं?

भावजी : मी पुसलं नाही. मी जागा केली.

वहिनी : कशाची जागा? ते यंत्रवाले रोज फोन करतायत मला. स्वच्छ बोलणं पाठवा म्हणतात, मग हे जे टाइप करतील ते यंत्र यांच्या आवाजात बोलेल. ऑपरेशनच्या आधी हे रोज इथे येऊन घसा फाडून वाचत होते ते त्यासाठीच. तुमची करमणूक म्हणून नाही.

भावजी : मला काय ठाऊक नाही का? म्हणून तर चार-चार बॅकअप घेतले. एक पेनड्राइव्ह कपाटात, एक गाडीत, एक सासऱ्यांकडे. आणि हा बघा, गळ्यात. आंघोळीलाही काढत नाही.

वहिनी : मग लावा ना गळ्यातला.

डिस्कवाला : चारही लावून झाले ताई. चारही नीट आहेत, एकाला ओरखडा नाही. फक्त आवाज कशातच नाही.

वहिनी : असं कसं होईल?

डिस्कवाला : असं बघा, ही प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसता पत्ता. आवाज राहतो दुसऱ्या फोल्डरमध्ये. साहेबांनी चार ठिकाणी पत्ता जपून ठेवला आणि घर पाडलं.

भावजी : पण प्रत्येक पेनड्राइव्ह मी लावून ऐकला होता हो. खणखणीत वाजत होता.

डिस्कवाला : कुठल्या मशीनवर ऐकलात?

भावजी : याच.

डिस्कवाला : तेव्हा आवाज याच मशीनमध्ये होता. तो मशीनमधून वाजत होता, पेनड्राइव्हमधून नाही. बॅकअप कायम परक्या मशीनवर उघडून बघायचा असतो.

वहिनी : आणि त्या घराचं काय केलंत भावजी?

भावजी : त्या फोल्डरला नाव नव्हतं, नुसते आकडे. मला वाटलं मशीनचा स्वतःचाच काहीतरी पसारा असेल. डिस्क भरली होती, आणि काम आलेलं अर्जंट.

वहिनी : कसलं काम?

भावजी : एक गादीवाला आहे. त्याला दुकानात लावायला शांतता हवी होती.

वहिनी : काय हवी होती?

भावजी : शांतता. गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं की आजूबाजूला शांत वाटायला पाहिजे ना. रात्रभराची मागितली होती. मी माइक चालू केला, दार लावलं आणि घरी गेलो.

वहिनी : म्हणजे यांच्या आवाजावर तुम्ही काही न बोलणं रेकॉर्ड केलंत.

डिस्कवाला : आणि उत्तम प्रतीचं केलंय ताई. नुसतं डिलीट झालं असतं तर मी काढलं असतं. पण शांततेलाही जागा तेवढीच लागते. तिने कोपरान् कोपरा भरून टाकला. मी खणून बघितलं, खाली शांतताच निघते.

वहिनी : हॉस्पिटलवाले म्हणत होते, आमच्याकडे खोली आहे, आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. तेव्हा कोण म्हणालं, घरचा स्टुडिओ असताना बाहेर कशाला?

भावजी : त्यांच्या खोलीत आवाज घुमतो हो.

वहिनी : निदान घुमला तरी असता.

भावजी : जुनं काहीतरी असेलच ना. दादाने माझ्या कितीतरी जाहिराती केल्यात.

वहिनी : सांगा त्यांना काय काय केलं ते.

भावजी : बिस्किटाचा पोपट. झुरळाच्या औषधातलं झुरळ. भूत, दोनदा. आणि ती सासू.

डिस्कवाला : म्हणजे आवाज बारीक-जाड करून?

भावजी : सगळ्यात. मूळ आवाज काय ठेवायचा, दादा काय रोज येतोच, असं वाटायचं.

वहिनी : घरीही काही नाही. लग्नकार्यात कॅमेरा यांच्याच हातात, त्यामुळे सगळ्यांचे आवाज आहेत, यांचा तेवढा नाही. मोबाईलवर कधी बोलून निरोप पाठवला नाही. म्हणायचे, घसा कमाईचा आहे, फुकट कोणाला ऐकवू?

भावजी : वहिनी, एक सुचवू? रागावू नका. माझा आवाज देऊ या. मी बसतो आणि सगळं वाचून काढतो. आमचे आवाज इतके सारखे, फोनवर आईसुद्धा फसायची.

वहिनी : म्हणजे सकाळी उठून हे माझ्याकडे चहा मागणार तुमच्या आवाजात. रात्री अंधारात मला हाक मारणार तुमच्या आवाजात. काय बोलताय ते ऐकू येतंय का तुम्हाला?

भावजी : मी आपलं मदत म्हणून म्हटलं.

डिस्कवाला : साहेब, वाचताना चुकलेलं, खोकलेलं वगैरे कापता ना तुम्ही? ते कुठे टाकता?

भावजी : ते त्या जुन्या खडखड्या डिस्कवर. चांगल्या डिस्कवर घाण नको म्हणून. त्याला कोण हात लावतंय?

डिस्कवाला : कोणी नाही ना? मग ती द्या इकडे.

वहिनी : त्यात काय असणार?

डिस्कवाला : बघू. हे माझं मशीन आहे ताई, परकं. यात वाजलं तर खरं.

(स्पीकर खरखरतो. मग एक जाड, दमलेला पुरुषी आवाज.)

आवाज : परत? आता काय झालं बारक्या? पंख्याचा आवाज येतो? मग पंखा बंद कर ना गाढवा, मला काय गप्प करतोस? ... पुन्हा श्वास कापलास? अरे, माणूस बोलताना श्वास घेतो. मी काय भिंत आहे का? ... हं, झालं? सेव्ह केलंस का नीट? बघ परत. तुझं काही खरं नसतं.

वहिनी : थांबवू नका.

आवाज : उद्या येणार नाही मी. घसा सोलून निघालाय. ... बरं बरं, येतो. रडू नकोस.

डिस्कवाला : ताई, पाणी देऊ?

वहिनी : नको. हे असं किती आहे?

डिस्कवाला : भरपूर. खोकले बाजूला काढले तरी यंत्राला पुरेल. पण आधीच सांगतो, यंत्र जसं ऐकतं तसंच शिकतं. इथे सगळं वैतागलेलं बोलणं आहे. पाणी मागितलं तरी भांडल्यासारखं मागतील.

वहिनी : आधी काय वेगळं मागत होते? द्या पाठवून.

भावजी : वहिनी, दर वाक्यात मी आहे त्यात. गाढवा, बारक्या, अक्कलशून्या. मी जरा साफ करून देतो. तेवढे शब्द फक्त...

वहिनी : तुम्ही हात लावायचा नाही.

भावजी : नाही लावत.

वहिनी : आणि तुम्ही, माझ्यासमोर प्रती काढा. एक मी नेणार, एक यंत्रवाल्यांकडे, एक तुमच्याकडे राहू दे. तिन्ही या तुमच्या मशीनवर लावून दाखवा. पट्ट्या नकोत मला, आवाज ऐकवा.

डिस्कवाला : ही जुनी डिस्क काढून ठेवतो आणि मगच लावतो. म्हणजे फसायला नको.

भावजी : दादाला कोण सांगणार पण? त्याला अजून वाटतंय सगळं ठेवलंय म्हणून.

वहिनी : मी नाही सांगणार. यंत्र आलं की घरी या, त्यांच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा.

भावजी : आणि तो काय म्हणेल?

वहिनी : तुम्ही जेवढं ठेवलंय तेवढंच.